गॅस गिझर घेताय? आधी हवा कुठून येणार ते सांगा

नोव्हेंबर संपत आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज पडतोच, "गॅस गिझर घ्यायचाय, कुठला चांगला?" मग दोन दिवस नुसता धुमाकूळ. कोणी म्हणतं सहा लिटरवाला बास, कोणी म्हणतं नाही आठच घ्या, कोणाच्या जाऊबाईंकडे अमुक कंपनीचा आहे आणि मस्त चाललाय, कोणी सेलची लिंक टाकतं, एक काका सवयीने सोलर लावा म्हणतात आणि त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. या सगळ्यात एकही माणूस विचारत नाही की बाबा रे, लावणार कुठे आणि त्याला जळायला हवा कुठून मिळणार. मी दरवेळी विचारतो, माझी लाइनच एसी-व्हेंटिलेशनची आहे त्यामुळे राहवत नाही, आणि आता ग्रुपवर माझं नाव "हवावाले" पडलंय. पडू दे. आज सगळं एकदाच लिहून ठेवतो म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक फेकली की झालं.

मुळात घोळ असा आहे की गॅस गिझर भिंतीवर एवढासा दिसतो, इलेक्ट्रिकच्या टाकीपेक्षा लहानच, म्हणून आपण त्याला पण तसलाच काहीतरी समजतो. इलेक्ट्रिक गिझर बहुतेक दोन किलोवॅटचा असतो आणि पाणी सावकाश तापवतो. गॅसवाल्याला पाणी नळातून वाहता वाहता तापवायचं असतं. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ डिग्रीने तापवायचं तर साडेदहा किलोवॅट पाण्यात गेले पाहिजेत, थोडी उष्णता वाया जाते ती धरून बारा किलोवॅटचा गॅस जळतो. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर साधारण दोन-अडीच किलोवॅटचा असतो. म्हणजे हिशोब करा, पाच मोठे बर्नर फुल्ल पेटवून आपण बाथरूमची आतून कडी लावतो. शेगडी पेटवल्यावर किचनची खिडकी उघडी आहे ना बघणारी बाई गिझरच्या वेळी मात्र "थंड हवा येते गं" म्हणून बाथरूमची खिडकी लावून घेते.

आता हवेचा हिशोब. सोपा आहे, घाबरू नका. एक घनमीटर पाइपगॅस पूर्ण जळायला साधारण साडेनऊ घनमीटर हवा लागते, आणि त्यातून दहा युनिटच्या आसपास उष्णता मिळते. म्हणून आमच्या लाइनमधला ढोबळ आकडा असा की एका किलोवॅटला तासाला एक घनमीटर हवा, आणि ती पण कागदावर, प्रत्यक्षात बर्नरला याहून बरीच जास्त हवा मिळाली तरच ज्योत स्वच्छ जळते. बारा किलोवॅट म्हणजे तासाला बारा घनमीटर, दहा मिनिटांच्या आंघोळीला दोन. ऐकायला काहीच नाही. पण आपली बाथरूम किती मोठी? पाच बाय सात, वर माळा, म्हणजे उंची राहिली सात फूट. २४५ घनफूट, म्हणजे जेमतेम सात घनमीटर, आणि त्यात बादली, वॉशबेसिन आणि तुम्ही स्वतः. अशी खोली समजा अगदी पॅक असेल तर दहा मिनिटांत ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १५-१६ वर येतो. आता बाथरूम अगदी हवाबंद कधीच नसते हे मान्य, पण ज्योत एवढं खाली जाईपर्यंत थांबतच नाही. ऑक्सिजन १८च्या आसपास आला की जळण अर्धवट व्हायला लागतं आणि कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार व्हायला लागतो. आणि घरात चार माणसं असतील तर पहिला बाहेर आला की दुसरा लगेच आत, सात वाजून दहाची लोकल पकडायची असते ना, मधे खोलीला धड हवा बदलायला वेळच नाही. चौथा आत जातो तेव्हा त्याच्या वाट्याला आधीच्या तिघांचं उरलेलं.

अमेरिकेत यासाठी नियम आहेत, एनएफपीए ५४ नावाचा त्यांचा गॅस कोड आहे, त्यात एक जुना साधा हिशोब आहे: उपकरणाच्या दर १००० बीटीयूला (तासाला किती उष्णता निघते त्याचं तिकडचं माप) खोलीत ५० घनफूट जागा पाहिजे, तरच ती खोली आपल्या हवेवर ते उपकरण चालवू शकते असं धरायचं. आपला बारा किलोवॅटवाला म्हणजे साधारण ४१,००० बीटीयू. झाले २०५० घनफूट. आपली बाथरूम २४५. ठाण्यातल्या नव्या टॉवरमधली दहा बाय बाराची बेडरूम घेतली तरी नऊ फूट उंचीला १०८० घनफूट होते, म्हणजे बिल्डर ज्याला मास्टर बेडरूम म्हणतो ती सुद्धा निम्मीच भरते. जागा नसेल तर मग बाहेरून हवा आणा असं तो कोड सांगतो, आणि एक नाही दोन भोकं मागतो, एक छतापासून १२ इंचांच्या आत आणि एक जमिनीपासून १२ इंचांच्या आत. खालून ताजी हवा आत येते, वरून गरम झालेली बाहेर जाते. एवढी साधी गोष्ट आहे. आणि बाथरूममध्ये तर ते लोक खोलीतली हवा घेणारा गिझर सहसा लावूच देत नाहीत.

आपल्याकडे उलट. बाथरूम हीच त्याची हक्काची जागा.

नेरूळला मावशीकडे गेल्या वर्षी बाथरूमचं रिनोव्हेशन झालं. सिडकोची जुनी इमारत, त्यामुळे आधी खिडकीला काचेच्या पट्ट्या होत्या, त्यातल्या दोन कायमच्या निसटलेल्या, दार लाकडी आणि खालून बोटभर खाल्लेलं. दिसायला भिकार पण हवेच्या दृष्टीने एक नंबर. रिनोव्हेशनमध्ये काय झालं, खिडकीच्या जागी फिक्स काच आणि तिच्यात एक्झॉस्ट फॅन, ग्रॅनाइटची चौकट, पीव्हीसीचं नवं दार आणि दाराला खालून रबरी पट्टी, का तर झुरळं येतात. आणि त्याच भिंतीवर नवा गॅस गिझर. मी बघायला गेलो तेव्हा प्लंबर पाइप जोडत होता. म्हटलं दादा, हा इथे नको. तो म्हणाला, "साहेब, सगळीकडे आपण असंच लावतो, आजपर्यंत एक कंप्लेंट नाही." म्हटलं दादा, कंप्लेंट करायला माणूस शुद्धीत यायला पाहिजे ना. त्याला काही ते आवडलं नाही.

मावशीकडचे काका म्हणाले अरे एक्झॉस्ट लावलाय की, तो ओढेल सगळं बाहेर. हे मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता पाठ झालंय. फॅन हवा बाहेर फेकतो बरोबर, पण जेवढी बाहेर फेकायची तेवढी आत यायला पाहिजे, नाहीतर तो फेकणार काय? मी काकांना फॅन चालू करून दाखवलं. दार उघडं असताना बाहेरच्या प्लास्टिकच्या झडपा तिन्ही आडव्या होऊन फडफडत होत्या. दार ओढून घट्ट लावलं, रबरी पट्टी लादीला चिकटली, आणि फॅनचा आवाज बदलला, जरा वरच्या पट्टीत गेला, बाहेर ड्राय बाल्कनीतून बघितलं तर झडपा जवळजवळ मिटलेल्या, नुसत्या थरथरतायत. मग दार अगदी बोटभर उघडलं आणि फटीपाशी टिश्यू पेपर धरला तर तो सरळ आत ओढला गेला. काका म्हणाले, "म्हणजे हा एवढा वेळ नुसता गरगर फिरत होता?" हो, नुसता गरगर. आणि मावशीची इच्छा अशी की वाफ राहते म्हणून फॅन आंघोळ झाल्यावर लावायचा, आंघोळीच्या वेळी नको, थंडी वाजते.

मग दाराला खाली लुव्हर, म्हणजे तिरक्या पट्ट्यांची जाळी, बसवू असा विषय निघाला. मावशी म्हणाली "अरे त्यातून दिसतं!" म्हटलं अगं मावशी, उलट्या व्हीच्या पट्ट्या मिळतात, त्यातून हवा जाते नजर जात नाही. पण खरं सांगायचं तर तिथेही आकडा आडवा येतो. शेजारच्या खोलीतून हवा घ्यायची तर त्या अमेरिकन हिशोबाने दर १००० बीटीयूला एक चौरस इंच आणि कमीत कमी १०० चौरस इंच, असं एक भोक खाली आणि एक वर, म्हणजे दहा बाय दहाच्या दोन खिडक्या त्या दारात. त्यात लुव्हरच्या पट्ट्या स्वतः जागा खातात, धातूच्या पट्ट्या असतील तर मोकळी जागा ७५ टक्के धरायची, लाकडी असतील तर फक्त २५. एवढी भोकं पाडल्यावर ते दार कशाला म्हणायचं. गिझर बाथरूममध्ये नकोच, हाच सरळ मार्ग.

शेवटी गिझर ड्राय बाल्कनीत गेला. तिथेही लगेच टाळ्या वाजवू नका, कारण आपल्याकडची ड्राय बाल्कनी कधीच ड्रायही नसते आणि बाल्कनीही नसते, ती स्लाइडिंग लावून बंद केलेली वॉशिंग मशीनची खोली असते. नेरूळला खाडीकडून येणारे मच्छर आणि कबुतरं, आमच्याकडे घोडबंदरला मेट्रोच्या कामाची धूळ, कारण काहीही असो पण काच बंदच. म्हणजे बाथरूममधला प्रॉब्लेम उचलून बाल्कनीत ठेवला एवढंच होतं. म्हणून वरच्या बाजूला स्लाइडिंगच्या एका तावदानाची काच काढून तिथे ॲल्युमिनियमचं फिक्स लुव्हर बसवलं, उघड-बंद करता येणारं मुद्दाम नाही घेतलं, कारण बंद करता येतं म्हटलं की आपण बंद करतोच. आणि खाली कठड्याच्या विटेच्या भिंतीत लादीपासून अर्ध्या फुटावर कोअर कटिंगवाल्याकडून गोल भोक पाडून घेतलं. थेट बाहेरून हवा येत असेल तर दर ४००० बीटीयूला एक चौरस इंच चालतं, म्हणजे आपल्याला वर दहा-सव्वादहा आणि खाली तेवढंच. कटिंगवाला म्हणाला चार इंची मारतो. चार इंचाच्या गोलाचे साडेबारा चौरस इंच होतात, पण त्यावर बसणाऱ्या लुव्हरच्या पट्ट्यांनी पाव भाग खाल्ला की उरतात सव्वानऊ-साडेनऊ, कमी पडतात. पाच इंची मारायला लावलं. पैसे थोडे जास्त गेले. आणि हो, बाहेरची भिंत सोसायटीची असते, सेक्रेटरींना विचारूनच करा, आणि बीम-कॉलमला हात लावू देऊ नका, फक्त वीटकाम.

गरम पाणी बाथरूममध्ये पोचायला आता थोडा वेळ लागतो आणि तेवढं थंड पाणी आधी जातं, मावशी ते बादलीत धरून कपड्यांना वापरते. मला याचं काही वाटत नाही. काकांना अजून वाटतं.

यात अजून एक गंमत आहे जी ग्रुपवर कोणालाच पटत नाही, ती म्हणजे किचनची चिमणी. आपण हजार-बाराशे घनमीटर तासाला ओढणारी चिमणी घेतो आणि अभिमानाने सांगतो. सकाळी आठला एकीकडे पोह्यांची फोडणी, चिमणी फुल स्पीडवर, हॉलच्या खिडक्या एसीमुळे बंद, आणि किचनला लागून असलेल्या ड्राय बाल्कनीत गिझर पेटलेला. चिमणीला हवा पाहिजे, ती मिळेल तिथून ओढते, म्हणजे ड्राय बाल्कनीतून, म्हणजे गिझरचा धूर बाहेर जायच्या ऐवजी किचनमध्ये. ज्यांच्या गिझरला वर पाइप जोडून धूर बाहेर नेलाय त्यांच्याकडे तर हे जास्तच बघायला पाहिजे, कारण आतून ओढ लागली की तो पाइप उलटा चालतो, बाहेरची हवा त्यातून आत आणि धूर गिझरच्या तोंडातून खोलीत. बघायचं कसं, तर घर रोज सकाळी असतं तसं बंद करा, चिमणी आणि एक्झॉस्ट दोन्ही चालू, ड्राय बाल्कनीचं दार असतं तसं, गिझर चार-पाच मिनिटं चालू द्या आणि मग देवघरातली उदबत्ती पेटवून गिझरच्या वरच्या भागात, जिथे पाइप सुरू होतो तिथल्या फटीपाशी धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. तोंडावर आला तर गिझर लगेच बंद, खिडक्या उघडा, आणि चिमणी आणि गिझर एका वेळी चालवायचे नाहीत किंवा बाल्कनीचं दार घट्ट लावायचं हे ठरवून टाका. मावशीकडे दार लावल्यावर धूर शांतपणे वरच्या लुव्हरकडे गेला, उघडं ठेवल्यावर सरळ किचनकडे वळला. हे बघितल्यावर तिने दाराला स्वतःहून डोअर क्लोजर लावून घेतला, मी सांगितलं पण नव्हतं.

बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते तिथे लोक गिझरचा पाइप डक्टमध्ये सोडतात. त्या डक्टमध्ये वरच्या खालच्या सगळ्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात हे विसरू नका. तुमचा धूर वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूममध्ये.

लोकांचा दुसरा मोठा गैरसमज वासाचा. "वास आला असता तर कळलं असतं ना." गॅसला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो, आणि तो गॅस जळला की त्याच्याबरोबर तोही जळतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. सिलिंडरवाला गिझर धोक्याचा आणि पाइपगॅस हलका म्हणून सेफ, हे पण अर्धवट खरं. गळतीच्या बाबतीत बरोबर आहे, एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, पाइपगॅस हलका, वर जातो. पण अर्धवट जळून जो मोनॉक्साइड होतो तो दोन्हीकडे तोच, आणि तो हवेच्याच वजनाचा, सगळीकडे मिसळतो. बाकी सिलिंडरचा गिझर तसाच पाइपगॅसला जोडायचा नाही, जेट वेगळे असतात, हे बहुतेकांना माहीत असतं.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्टपणे या मोनॉक्साइडला धरतं, त्यामुळे हवेत थोडाच असला तरी रक्तात साठत जातो. सुरुवात कशी होते, डोकं जड, मळमळ, गरगरल्यासारखं, आणि आपण म्हणतो उपाशीपोटी गरम पाण्याने आंघोळ केली म्हणून झालं असेल. नंतर पायातलं बळ जातं, कडी समोर दिसते पण हात पोचत नाही. काही जणांना बाथरूममध्ये फिट आल्यासारखं होतं आणि पुढे मिरगीची तपासणी सुरू होते. आपल्याकडच्या न्यूरोलॉजिस्टनी याला गॅस गिझर सिंड्रोम असं नावच दिलंय, म्हणजे प्रकार किती नेहमीचा आहे बघा. आणि एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा, कोविडपासून ड्रॉवरमध्ये पडलेला तो बोटाचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. त्याला ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि मोनॉक्साइड धरलेलं यातला फरक कळत नाही, माणूस बेशुद्ध पडायला आला तरी तो ९८ दाखवू शकतो. बाथरूममध्ये कोणी पडलेलं सापडलं तर आधी दार-खिडकी उघडून त्याला ओढून मोकळ्या हवेत आणा, गॅसचा कॉक बंद करा, १०८ला फोन करा आणि हॉस्पिटलमध्ये पोचल्या पोचल्या सांगा की गॅस गिझर चालू होता. हे सांगितलं नाही तर डॉक्टर बीपी, शुगर, हार्ट बघत बसतील. साध्या हवेत रक्तातला निम्मा मोनॉक्साइड उतरायला चार-पाच तास जातात, मास्क लावून पूर्ण ऑक्सिजन दिला तर तास-दीड तासात उतरतो, त्यामुळे तो एक शब्द लवकर सांगितल्याने फार फरक पडतो.

मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, घ्या. फक्त घेताना गॅस लीक डिटेक्टर आणि हा एकच समजू नका, डब्यावर दोन्ही फोटो सारखेच असतात. आणि तो बाथरूममध्ये वाफेत लावू नका, बाहेर पॅसेजमध्ये लावा.

जाळीबद्दल. मावशीने दोन महिन्यांनी फोन केला, "खालच्या भोकातून मच्छर येतात, तर मी त्याला आतून मच्छरदाणीची जाळी लावली." नको मावशी! ती जाळी इतकी बारीक असते की पंधरा दिवसांत धुळीने आणि कोळिष्टकांनी बुजते आणि बाहेरून कळत पण नाही. त्या अमेरिकन कोडात पण जाळीची भोकं पाव इंचापेक्षा बारीक नकोत असं म्हटलंय, त्याने कबूतर-उंदीर अडतात तेवढं पुष्कळ. मच्छरांची जाळी बाल्कनी आणि किचनमधल्या दाराला लावायची. लावलीय तिने आता.

राहिले भाड्याने राहणारे, ज्यांना ना भिंतीला भोक पाडता येतं ना मालक गिझर हलवू देतो. कोपरखैरणे-घणसोलीला असे खूप आहेत, वन आरके, बाथरूम चार बाय चार, गिझर आत. त्यांच्यासाठी एकच सांगतो, दार सताड उघडं ठेवून बादली भरायची, सहा लिटरच्या गिझरला अठरा लिटरची बादली भरायला तीन मिनिटं लागतात, मग गिझर बंद, नुसता नळ नाही तर गॅसचा कॉक पण बंद, दोन मिनिटं दार तसंच, आणि मग आत जाऊन कडी लावायची. पाणी कमी पडलं तर टॉवेल गुंडाळा, दार उघडा आणि पुन्हा भरा. शॉवरखाली उभं राहूनच आंघोळ पाहिजे अशांनी इलेक्ट्रिक घ्यावा, बिलाचं रडगाणं मी ऐकून घेईन.